उन्हाळी पुन्हा पुन्हा का लागते

माणदेशात उन्हाळी लागणं, म्हणजे लघवीला जळजळ होणं, हा आजार कुणी मानतच नाही. दहिवडी-म्हसवडपासून आटपाडी-जतपर्यंत कुठल्याही वाडीत साठीच्या पुढच्या बाईला विचारा, ती म्हणेल, "लागतीच की, ऊन काय कमी हाय व्हय?" मग पायाच्या अंगठ्याच्या नखाला चुना, बेंबीवर ओलं फडकं, धन्या-जिऱ्याचं पाणी. उतार पडला तर ठीक, नाही पडला तर नातवाला मेडिकलमध्ये पिटाळून पाच गोळ्या आणवायच्या. जळजळ थांबते. महिना-दीड महिन्यानं पुन्हा तेच, पुन्हा त्याच गोळ्या. ज्या घरात असं दोन-तीनदा झालं आहे, त्या घरासाठी हा लेख आहे. आजीनं स्वतः वाचावा, नाहीतर लेकीनं किंवा सुनेनं तिला वाचून दाखवावा.

आधी एक फरक ध्यानात घ्यावा. दिवसभर रानात काम केलं, पाणी पोटात गेलं नाही, की लघवी गडद पिवळी होते आणि थोडी जळजळते. तांब्याभर पाणी, ताक पोटात गेलं की संध्याकाळपर्यंत हे थांबतं. हा उन्हाचाच त्रास. जंतूंचा संसर्ग असला तर नुसत्या पाण्यानं तो इतक्या लवकर जात नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी जावंसं वाटतं आणि गेलं की चार थेंब होतात. ओटीपोटात दुखतं. लघवी गढूळ होते, कधी तांबूस होते. जी बाई आजवर रात्री एकदाही उठत नव्हती ती चार-चार वेळा उठायला लागते, किंवा पोचेपर्यंत लुगडं ओलं होतं. असा संसर्ग ६ महिन्यांत २ वेळा किंवा वर्षात ३ वेळा झाला, तर डॉक्टरी भाषेत त्याला वारंवार होणारा मूत्रसंसर्ग म्हणतात. तिथून पुढे नुसत्या गोळ्या घेत राहणं चुकीचं. तो का उलटतो हे शोधलं पाहिजे आणि बहुतेक वेळा ते सापडतं.

पन्नाशीनंतर आत काय बदलतं

साठीच्या बाईला वारंवार संसर्ग होण्याचं सगळ्यात मोठं कारण तिच्या वयातच असतं, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. पाळी जाते तेव्हा अंगातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं. योनिमार्गाचं आणि लघवीच्या वाटेचं अस्तर या संप्रेरकावर पोसलेलं असतं. ते कमी झालं की अस्तर पातळ आणि कोरडं पडतं. तरुणपणी योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे उपकारक जंतू राहतात. ते आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात घातक जंतू तग धरत नाहीत. इस्ट्रोजेन गेलं की हे राखणदार जंतू घटतात आणि आम्लपणाही कमी होतो. मग आतड्यातले, शौचाच्या जागेजवळचे ई. कोलाय जंतू तिथे बस्तान मांडतात. बाईची लघवीची नळी जेमतेम चार सेंटिमीटर लांब असते. तेवढं अंतर काटून ते मूत्राशयात पोचतात.

म्हणजे बाई अस्वच्छ राहते म्हणून हे होतं, असं नाही. हे मुद्दाम सांगते आहे, कारण वारंवार उन्हाळी लागणारी बाई मनातून ओशाळलेली असते. सुनेला कळलं तर काय म्हणेल, म्हणून ती दुखणं अंगावर काढते. काही जणी डेटॉल घातलेल्या पाण्यानं किंवा साबणानं आतून धुवायला लागतात. त्यानं उरलेसुरले उपकारक जंतूही जातात आणि अस्तर आणखी सोलवटतं. बाहेरून साधं पाणी पुरे. शौचानंतर हात पुढून मागे जावा, मागून पुढे येऊ नये, एवढी सवय मात्र पक्की हवी.

गर्भपिशवी काढताना ज्यांचे अंडाशयही काढले, त्यांचं इस्ट्रोजेन ऑपरेशनच्या दिवसापासूनच तुटतं. आपल्याकडे पस्तिशी-चाळिशीत पिशवी काढलेल्या बायका कमी नाहीत. त्यांना हा त्रास पन्नाशीच्या आधीच सुरू होऊ शकतो आणि 'अजून वय कुठं झालंय' म्हणून तो ओळखूही येत नाही. डॉक्टरांकडे जाल तेव्हा पिशवीचं ऑपरेशन झालं आहे, कधी झालं, अंडाशय काढले का, हे न विचारता सांगा.

या कोरडेपणावर औषध आहे आणि ते जुनं, पारखलेलं आहे. योनिमार्गात लावायची इस्ट्रोजेनची मलम येते, आपल्याकडे बहुधा इस्ट्रिऑल नावाची. इस्राएलमध्ये रझ आणि स्टॅम या डॉक्टरांनी पाळी गेलेल्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या ९३ स्त्रियांवर तिचा अभ्यास केला. तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नुसती औषध नसलेली मलम दिली होती, त्यांना वर्षाला सरासरी ५.९ वेळा संसर्ग झाला. इस्ट्रिऑल लावणाऱ्यांना ०.५ वेळा, म्हणजे दोन वर्षांतून एकदा. आज जगभरातल्या मार्गदर्शक सूचनांत ही मलम आहे. तरीही माझ्या मते आपल्या भागात सगळ्यात कमी लिहून दिलं जाणारं औषध हेच आहे. डॉक्टर पुरुष असले की बाई कोरडेपणाचं बोलत नाही, डॉक्टर विचारत नाहीत, आणि दोघांच्या संकोचात पुन्हा एक अँटिबायोटिकची चिठ्ठी फाडली जाते. ही मलम डॉक्टरांच्या सल्ल्यानंच सुरू करायची, पण विषय तुम्ही काढा. "पाळी गेल्यापासून कोरडं पडलंय, त्याला लावायची मलम चालेल का?" एवढं वाक्य पुरेसं आहे. ते तोंडातून निघत नसेल तर कागदावर लिहून पुढे करा.

मलम वापरायची कशी हे दुकानात कुणी समजावत नाही. ट्यूबबरोबर प्लास्टिकची एक पिचकारी येते आणि तिच्यावर खूण असते. त्या खुणेपर्यंत मलम भरायची. रात्री झोपताना हात धुऊन, उताणं पडून, गुडघे दुमडून पिचकारी हलक्या हातानं आत सरकवायची आणि दट्ट्या दाबायचा. मग पिचकारी कोमट पाण्यानं आणि साबणानं धुऊन ठेवायची. साधारण पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि पुढे आठवड्यातून दोन रात्री असा क्रम असतो. पुढच्या दोन रात्री ठरलेल्या वारांना बांधल्या की विसरत नाहीत, सोमवार आणि गुरुवार म्हणा. हात थरथरतो, गुडघे दुमडत नाहीत, अशा बाईनं बोटाच्या पेरावर घेऊन लावली तरी डॉक्टर बहुधा हो म्हणतात, विचारून घ्या. सुरुवातीला थोडी चुणचुण होऊ शकते. गुण यायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून ट्यूब फेकू नका. मलमेतलं औषध रक्तात फारच थोडं उतरतं, त्यामुळे पोटात घ्यायच्या संप्रेरकांच्या गोळ्यांची भीती हिला लावू नये. मात्र स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झालेला असेल, किंवा पाळी गेल्यानंतर अंगावरून रक्त जात असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय मलम लावायची नाही.

मूत्राशयात साठून राहणारी लघवी

दुसरं कारण म्हणजे मूत्राशय पूर्ण रिकामं न होणं. साठलेल्या लघवीत जंतू वाढतात. मायांग बाहेर येणं हे आपल्याकडचं झाकलेलं दुखणं आहे. चार-पाच बाळंतपणं, बाळंतपणानंतर लगेच डोक्यावर हंडे, काटक्यांचे भारे, मग उतारवयात खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं आणि बसताना हाताला गोळा लागतो. त्या गोळ्याबरोबर मूत्राशयही खाली ओढलं जातं आणि तळाशी लघवी राहते. काही बायका तो गोळा बोटानं आत ढकलून मग लघवी करतात, पण हे कुणाला सांगत नाहीत. यावर ऑपरेशन आहे. ऑपरेशन झेपण्यासारखं नसेल तर आत बसवायची रबरी किंवा सिलिकॉनची रिंग असते, तिला पेसरी म्हणतात. ती ठरावीक काळानं काढून धुवावी लागते.

मधुमेहात साखर वाढलेली असली की संसर्ग चटकन होतो, आणि जुन्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसा मंदावून लघवी तुंबते. साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या आता सर्रास दिल्या जातात. त्या चांगल्या आहेत, पण त्यांच्यामुळे बाहेरच्या भागात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. खाज सुटते, दह्यासारखा पांढरा स्राव जातो, लघवी कातडीला लागली की झोंबते. हे उन्हाळीसारखं वाटलं तरी मूत्राशयाचं दुखणं नाही, आणि अँटिबायोटिकनं ते वाढतं. जळजळ आत होते की बाहेर कातडीला, हे डॉक्टरांना नेमकं सांगा.

बद्धकोष्ठ जुना असेल तर तो आधी सोडवा. भरलेलं आतडं मूत्राशयाला दाबून ठेवतं. मुतखडा हेही कारण असतं आणि कमी पाणी पिणाऱ्या उष्ण मुलखात तो जास्त सापडतो. म्हणून वारंवार संसर्ग होणाऱ्या प्रत्येक बाईची एकदा तरी पोटाची सोनोग्राफी व्हावी. ती सांगताना लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते तेही मोजायला सांगावं. चिठ्ठीवर ते लिहिलेलं नसेल तर सोनोग्राफीवाले मोजतीलच असं नाही.

घरी करण्यासारखी गोष्ट साधी आहे. लघवी झाली की लगेच उठायचं नाही. मिनिटभर बसायचं, थोडं पुढे वाकायचं आणि पुन्हा एकदा प्रयत्न करायचा. उरलेली बरीच लघवी तेव्हा निघते. घाईनं अर्धवट उठण्याची सवय आपल्या बायकांना जन्मभर लागलेली आहे, उघड्यावर बसावं लागत होतं तेव्हापासून. आता दार लावून बसता येतं, तर बसा. नवरा-बायकोचे संबंध या वयातही असतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्यानंतर लघवी करून घ्यावी.

पाणी का पोटात जात नाही

महादेवाच्या डोंगररांगेमागे पावसाच्या सावलीत पडलेला हा मुलूख. वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, आणि दहिवडी-म्हसवडच्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला ५,००० मिलिमीटरहून जास्त. उरमोडी, टेंभू, म्हैसाळच्या योजनांचं पाणी आता बऱ्याच शिवारांत पोचलं, पण आज साठ-सत्तरीत असलेल्या बाईचं आयुष्य टँकरच्या आणि डोक्यावरच्या पाण्यात गेलं आहे. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनच्या चारा छावणीत कुटुंबं जनावरांबरोबर महिनोन्‌महिने राहिली. तिथे किंवा इतर छावण्यांत दिवस काढलेल्या बाईनं आधी जनावराला पाजलं, मग माणसांना दिलं, आणि स्वतः शेवटी घोटभर प्यायली. ती सवय नळ आल्यावर सुटत नाही.

आणखी एक कारण मला पाण्याच्या टंचाईइतकंच मोठं वाटतं. ते म्हणजे गुडघे. उकिडवं बसता येत नाही, बसलं तर उठता येत नाही, संडास अंगणाच्या टोकाला, रात्री वाटेवर अंधार, विंचू-काट्याचं भय. मग बाई हिशेब करते की प्यायलंच नाही तर जावंच लागणार नाही. दुपारी चारनंतर ती पाण्याला हात लावत नाही. तिला 'पाणी पी' म्हणून बजावत राहणं व्यर्थ आहे. आधी मधे भोक असलेली कमोडची खुर्ची आणा, भिंतीला धरायला कडी बसवा, वाटेवर बल्ब लावा, रात्रीसाठी खोलीत भांडं ठेवा. मग ती न सांगता पाणी पिईल. गुडघ्यांसाठी रोज पेनकिलर घेत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. कमी पाणी, पेनकिलर आणि लघवीचा संसर्ग एकत्र आले की मूत्रपिंडं धोक्यात येतात.

पाण्यानं संसर्ग कमी होतो याला पुरावा आहे. बल्गेरियात वारंवार संसर्ग होणाऱ्या, दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जादा प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, इतरांना ३.२ वेळा. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्या स्त्रिया पाळी न गेलेल्या, तरुण होत्या, म्हणून साठीच्या बाईला तो जसाच्या तसा लागू करता येत नाही. तरी पाण्याचा खर्च नाही आणि धोका थोडाच. दिवसात दीड ते दोन लिटर, म्हणजे लिटरची बाटली दीड-दोनदा रिकामी व्हावी. सकाळी भरून ठेवली की दिसतं किती गेलं ते. ताक, आंबील, पातळ आमटीही त्यात धरा. संध्याकाळी सातनंतर कमी केलं तर रात्रीची उठबस टळते. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, पायावर सूज येते, त्यांनी मात्र डॉक्टरांनी ठरवून दिलेलं मापच पाळावं.

दर तीन-चार तासांनी लघवीला जावं, कळ येण्याची वाट पाहू नये. शिंगणापूरची चैत्र यात्रा असो, पंढरीची वारी असो की साताऱ्याला जाणारी एसटी असो, बायका घरून निघताना पाणी पिणं बंद करतात आणि परत येईपर्यंत धरून ठेवतात. बरोबरच्या माणसानं वाटेत थांबायची जागा आधी हेरून ठेवावी आणि आपणहून थांबावं. बाई स्वतः "थांबवा" म्हणत नाही.

गोळीआधी बाटली

संसर्ग वारंवार होत असेल तर प्रत्येक वेळी अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्याआधी लघवीचं कल्चर पाठवलं पाहिजे. एक गोळी घेतली तरी जंतू कल्चरमध्ये उगवेनासे होऊ शकतात आणि मग कुठलं औषध चालेल ते कळत नाही. ताप-थंडी असेल तर नमुना देऊन लगेच औषध सुरू करावं, अहवालासाठी थांबू नये.

नमुना बिघडला तर अहवाल निरुपयोगी ठरतो, आणि आपल्याकडे तो बहुतेक इथेच बिघडतो. खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली चालत नाही. लॅबमधून निर्जंतुक डबी घ्या आणि वेळ आल्याशिवाय तिचं झाकण उघडू नका. साध्या पाण्यानं जागा पुढून मागे धुवा आणि स्वच्छ फडक्यानं टिपा. लुगडं-परकर नीट वर खोचून एका हातानं दोन्ही ओठ फाकवून धरा. पहिली धार सोडून द्या. मधली धार डबीत घ्या, अर्धी डबी झाली की बास. शेवटची पुन्हा सोडून द्या. डबीच्या आत बोट लागता कामा नये. झाकण घट्ट लावून नाव आणि वेळ लिहा. हा नमुना दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचायला हवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवावा, फ्रीझरमध्ये नाही. वाडीवरून निघून तालुक्याला पोचेपर्यंत उन्हात दोन तास सहज जातात. तेव्हा नमुना घरून नेण्यापेक्षा लॅबच्या संडासातच द्यावा आणि त्याआधी तीन-चार तास लघवी केलेली नसावी. वाकता येत नसेल तर मदतीला लेकीला किंवा सुनेला आत घ्या.

अहवाल दोन-तीन दिवसांनी येतो. त्यावर जंतूचं नाव असतं आणि खाली औषधांची यादी असते. 'एस' असेल ते औषध लागू पडतं, 'आर' असेल ते पडत नाही. 'मिक्स्ड ग्रोथ' लिहून आलं तर बहुधा नमुना बिघडलेला असतो, पुन्हा द्या. एका वहीत तारीख, त्रास काय होता, कल्चरमध्ये काय आलं आणि कुठली गोळी किती दिवस घेतली, एवढं टिपून ठेवा. धनगरवाड्यावरून मेंढरांबरोबर महिनोन्‌महिने फिरणाऱ्या बायकांना दर वेळी नवा डॉक्टर भेटतो. त्यांच्यासाठी ही वही औषधाइतकीच मोलाची आहे. त्यांनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं की वाटेत त्रास झाला तर कोणती गोळी, किती दिवस घ्यायची. अशी ठरवून दिलेली, लिहून दिलेली गोळी जवळ ठेवणं मान्य आहे, दुकानदारानं अंदाजानं दिलेली नाही.

अंदाजाची गोळी का नको, ते सांगते. आपल्या देशात ई. कोलायच्या बऱ्याच जाती सिप्रोफ्लॉक्सासिनला आणि सेफिक्झिमसारख्या औषधांना दाद देईनाशा झाल्या आहेत. दोन दिवस घेऊन बरं वाटलं की सोडलेल्या प्रत्येक अर्धवट पाकिटागणिक आणि गरज नसताना घेतलेल्या प्रत्येक गोळीगणिक हे वाढतं. पुढे एक वेळ अशी येते की तोंडावाटे घ्यायचं एकही औषध 'एस' उरत नाही आणि साध्या उन्हाळीसाठी सलाइनमधून इंजेक्शनं घ्यावी लागतात. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातल्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांत कधी टाचेमागची शीर दुखावते, कधी भ्रम होतो, कधी मधुमेहींची साखर खाली-वर होते. पाकिटावर उभी लाल रेघ असली तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, ही खूण निरक्षर बाईलाही ओळखता येते. सेफिक्झिम २०१४ पासून 'एच-वन' यादीत आहे, त्याची चिठ्ठी पाहून दुकानदारानं वहीत नोंद करायची असते.

मूत्राशयापुरता संसर्ग असेल तर डॉक्टर बहुधा नायट्रोफ्युरँटॉइन देतात, साधारण ५ दिवस. ते जेवणानंतर घ्यावं. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, घाबरू नये. ते मूत्राशयात काम करतं, मूत्रपिंडाला चढलेल्या संसर्गात उपयोगाचं नाही, आणि मूत्रपिंडं कमजोर असतील तर देता येत नाही. म्हणून वयस्क बाईचं क्रिएटिनिन आधी पाहिलेलं बरं. फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची पुडी पाण्यात कालवून एकदाच घ्यायची असते. जळजळीवरचं गोड-आंबट सिरप लघवीचा आम्लपणा मारतं. त्यानं आराम वाटतो, जंतू मरत नाहीत. त्यात सोडियम असतं, म्हणून रक्तदाब आणि हृदयाच्या रोग्यांनी विचारून घ्यावं. धने-जिऱ्याचं पाणी प्यायला हरकत नाही, ते पाणीच आहे. त्याच्या भरवशावर ताप मात्र अंगावर काढू नये.

लक्षण नाही तर औषध नाही

उतारवयात पुष्कळ बायकांच्या लघवीत जंतू असतात आणि त्यांना काहीही त्रास नसतो. दुसऱ्याच कारणानं केलेल्या तपासणीत 'पस सेल्स', म्हणजे पुवाच्या पेशी, दिसल्या, कल्चरमध्ये जंतू आले, म्हणून लगेच अँटिबायोटिक घ्यायचं नसतं. जळजळ नाही, घाई नाही, ताप नाही, तर उपचार नाही. अपवाद मूत्रमार्गाच्या काही ऑपरेशनांआधीचा. लघवीला वास येतो किंवा ती गढूळ दिसते, एवढ्यावरूनही गोळ्या घ्यायच्या नाहीत, आधी पाणी वाढवून पाहा. बरं वाटल्यावर 'जंतू गेले का' म्हणून पुन्हा कल्चर करायचीही गरज नसते.

उलट दोन गोष्टींकडे मात्र दुर्लक्ष नको. पस सेल्स भरपूर आणि कल्चर दर वेळी कोरडं, वजन उतरतं आहे, बारीक ताप आहे, तर मूत्रमार्गाचा क्षयरोग असू शकतो. फुफ्फुसाबाहेरचाही क्षयरोग होतो, त्याची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. आणि संसर्ग बरा झाल्यावरही लघवीत रक्त दिसत असेल, एकदाच दिसलं आणि दुखत नसेल तरीही, मूत्ररोगतज्ज्ञांकडे जाऊन दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. मूत्राशयाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता मोठी असते.

मलम, पाणी, साखर, मायांग हे सगळं पाहूनही संसर्ग थांबत नसेल तर रोज छोट्या मात्रेत अँटिबायोटिक काही महिने देतात. त्यात नायट्रोफ्युरँटॉइन चालू असेल आणि नवा कोरडा खोकला किंवा धाप लागली तर लगेच कळवायचं. मेथेनमिन नावाचं एक औषध अँटिबायोटिक नाही, ते आम्ल लघवीत जंतूंना मारतं. ब्रिटनमध्ये २४० स्त्रियांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते रोजच्या अँटिबायोटिकच्या तोडीस तोड ठरलं. त्याबद्दल तज्ज्ञांना विचारा. ते चालू असताना जळजळीचं सिरप घ्यायचं नाही, लघवी आम्ल राहिली नाही तर ते काम करत नाही. क्रॅनबेरीनं काही स्त्रियांत फायदा दिसला आहे, पण आपल्याकडे ती महाग मिळते. त्या पैशात आधी कमोडची खुर्ची घ्यावी असं मी म्हणेन.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय हे त्यातच येतात. कल्चर कुठे होतं, स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या वारी असतात, हे आशाताईंकडून आधी विचारून निघावं म्हणजे हेलपाटा पडत नाही. आटपाडी-जतकडच्या लोकांना मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय सोयीचं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी पार केलेल्यांना तिकीटच नाही, तेव्हा 'माझ्यावर कशाला खर्च' हे आजीचं म्हणणं निदान प्रवासापुरतं तरी खोडून काढता येतं.

थंडी वाजून ताप, पाठीत बरगड्यांखाली एका बाजूला ठणका, उलट्या, दिवसभरात लघवीच नाही, हातपाय गार पडणं, यातलं काही दिसलं तर संसर्ग मूत्रपिंडाला किंवा रक्तात गेलेला असू शकतो. म्हाताऱ्या माणसाला कधी ताप येतच नाही. काल धड असलेली आजी आज नातवाला ओळखत नाही, असंबद्ध बोलते, पेंगत राहते, एवढंच दिसतं. त्याला 'वय झालं' म्हणू नका आणि 'उन्हाळीच असेल' म्हणून घरी गोळीही देऊ नका. साखर उतरणं, सोडियम कमी होणं, न्यूमोनिया, पक्षाघात यांतही असंच होतं आणि ते दवाखान्यातच कळतं. सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा, आणि निघताना ती वही, शेवटचा कल्चरचा अहवाल आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका.